आधी तू

दीड वर्षाच्या पोरांना मैत्री कळते असं कुणी मला गेल्या वर्षी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. मैत्री! अहो, या वयात पोरांना आपलं नाक कुठलं नि शेजारच्याचं कुठलं हेसुद्धा कळत नाही. शेजारच्याच्या नाकात बोट घालून आपल्याला शिंक का येत नाही म्हणून बघत बसतात. एका पोत्यातले बटाटे आणि ही पोरं, दोघांत फरक काय तर बटाटे रडत नाहीत. हे माझं ठाम मत होतं, आणि माझं मत म्हटलं की ते ठामच असतं. पाळणाघरात मला सगळे कुकरमावशी म्हणतात. स्वयंपाक माझ्याकडे आहे म्हणून नव्हे, माझी शिटी कधी होईल याचा नेम नसतो म्हणून. शिटी झाली की मी गार पडते, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे मला कुणी घाबरत नाही, आणि पोरं तर अजिबातच नाहीत.

आमचं पाळणाघर कारखान्याच्या आवारातच आहे. सकाळच्या भोंग्याआधी आया-बाप पोरं आणून सोडतात आणि संध्याकाळच्या भोंग्यानंतर घेऊन जातात. एक मोठी खोली, आणि तिच्यात सगळं गुडघ्याच्या उंचीवर. टेबलं बुटकी, नळ बुटका, भिंतीला ओळीनं खुंट्या त्याही बुटक्या, म्हणजे पोरांना आपापली पिशवी आपल्या हातानं अडकवता यावी. शेजारी माझं स्वयंपाकघर. मध्ये अर्धं-अर्धं उघडणारं दार. वरच्या अर्ध्यातून मी डोकं काढून ओरडायचं आणि खालच्या अर्ध्यावर पोरांनी थापा मारायच्या, हा आमचा दिवसभराचा कार्यक्रम.

पाळणाघर चालवतात त्या मोठ्या बाई. आवाज कधी चढत नाही, कपड्यांची इस्त्री कधी मोडत नाही. त्यांचा एक नियम आहे: एक वाटी, एक तोंड. एका वर्षी साथ आली होती आणि एकाचं दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला करत सगळी खोली आडवी झाली होती. तेव्हापासून प्रत्येक वाटीला वेगळ्या रंगाचा ठिपका. कुणी कुणाचं उष्टं खायचं नाही. आम्ही मोठ्यांनीसुद्धा नाही. चव बघायची ती मी स्वयंपाकघरात, माझ्या वेगळ्या चमच्यानं. पोरांच्या खोलीत मोठ्या माणसानं पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. नियम चांगला आहे, आजही चांगलाच आहे, आणि तो पाळण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

आता भिंगरीबद्दल सांगते. शिवणखात्यातल्या एका शिंपिणीची ही लेक. तळहाताएवढी असल्यापासून आमच्याकडे आहे. चालायला लागली तशी ती चाललीच नाही, गरगर फिरायला लागली, म्हणून भिंगरी. तिला शब्द येत होते तीन: ‘मी’, ‘नाई’ आणि ‘आन’. एवढ्यावर तिचं राज्य चालायचं. कुणाच्या हातनं घास घेईल तर शपथ. चमचा पुढे केला की ‘मी!’ म्हणून हिसकावून घ्यायची आणि निम्मं कानात, निम्मं तोंडात घालायची.

आणि घुम्या आला तो हिवाळ्याच्या तोंडाशी.

त्याचा बाप कारखान्यात वेल्डर. एका हातात पोर, दुसऱ्या हातात पिशवी, असा दारात उभा राहिला. आत येऊ की नको असं चाललं होतं त्याचं. त्याची बायको महिन्यापूर्वी गेली होती. तापाचं निमित्त झालं आणि हां हां म्हणता गेली. वेल्डरचे डोळे तसेही लालच असतात, त्यामुळे तो रडून आला की कामावरून आला हे कुणाला कळायचं नाही.

“रडत नाही तो, मावशी,” तो म्हणाला. “त्रास काहीच देत नाही. फक्त खाल्लं पाहिजे त्यानं.”

“खाईल हो दादा,” मी म्हटलं. “माझ्या हातचं न खाणारं पोर अजून जन्माला यायचंय.”

जन्माला आलं होतं आणि माझ्यासमोरच बसलं होतं. मी मऊ भाताचा चमचा पुढे केला. आता नको असलं की पोरं काय करतात? तोंड फिरवतात, ओठ मिटतात, भोकाड पसरतात, वाटी उडवतात. यानं यातलं काहीच केलं नाही. इवलासा तळवा माझ्या मनगटावर ठेवला आणि चमचा हळूच माझ्याकडे परत ढकलला. मी पुन्हा पुढे केला, त्यानं पुन्हा ढकलला. आणि सगळा वेळ टक लावून माझ्या तोंडाकडे बघत होता. मला वाटलं, माझा पुढचा पडका दात बघतोय.

“नको म्हणतोय,” मोठ्या बाई म्हणाल्या.

“नको म्हणायची पद्धत तरी बघा,” मी म्हटलं. “एखाद्या साहेबासारखी.”

दूध तेवढं तो आपल्या हातानं कपातून प्यायचा, म्हणून जीव तगून होता. बाकी घन म्हणून काही पोटात जाईना. केळं, बटाटा, भात, भिजवलेला पाव, सगळं करून झालं. मी विमान केलं, पक्षी केला, आगगाडी केली. शिंगं मोडून वासरांत शिरले म्हणा ना! बाकीची पोरं खिदळायची, आणि हा माझ्या तोंडाकडे बघत चमचा परत करायचा. त्याला मी घुम्या म्हणायला लागले. नाव ठेवलं नि लगेच वाईटही वाटलं, पण तोवर ते चिकटलं होतं.

भिंगरीनं त्याला पहिल्या दिवशीच तपासून घेतलं होतं. समोर जाऊन उभी राहिली, डोळ्यात डोळे घालून बघितलं, नाक दाबून बघितलं, आणि मग त्याला टेकून खाली बसली. बस्स. ही, जी एका जागी बसलेली तिच्या आईनंही कधी बघितली नव्हती! दुसऱ्या दिवशी तिनं आपली पिशवी आपल्या खुंटीवरून काढली, घुम्याच्या शेजारच्या खुंटीवरची दुसऱ्याची पिशवी खाली टाकली आणि तिथे आपली अडकवली. आम्ही परत जागेवर लावली की ती परत तेच करायची. शेवटी मी हात टेकले.

दुपारी झोपवताना ती त्याच्या पायावर आपला पाय टाकायची. पाय काढला की जागी. दुपारचा भोंगा वाजला की घुम्या दचकायचा. नवा होता ना, आमच्या पोरांना त्या आवाजाची सवय. भोंग्यापूर्वी यंत्रं थांबतात, क्षणभर सगळं शांत होतं, आणि मग तो वाजतो. तर भिंगरी काय करायची? यंत्रं थांबली की धावत यायची आणि त्याच्या कानांवर हात ठेवायची. त्याच्या हं, स्वतःच्या नाही. मग भोंगा वाजायचा. आम्ही हसायचो, ‘बघा बघा’ करून एकमेकींना दाखवायचो आणि कामाला लागायचो. बघूनही काहीच बघितलं नाही म्हणतात ते हे असं.

मग ती चोरी मला सापडली.

मी दाराच्या वरच्या अर्ध्यातून बघत होते. घुम्यापुढे वाटी ठेवलेली, आणि भिंगरी तिच्यातला बटाटा घेऊन खुशाल तोंडात घालतेय! मी ओरडले, ती दचकली, आणि तिनं जे भोकाड पसरलं म्हणता! चोराच्या उलट्या बोंबा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिला रागावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्या बिचाऱ्याच्या तोंडचा घास ही पळवते, आणि तो मुखदुर्बळ नुसता बघत बसतो, याचा मला असा काही संताप आला की विचारू नका. एकदा वजन करताना मी तिच्या आईला म्हटलंसुद्धा, “दोन-दोन वाट्या चापते तुमची लेक, अंगाला कसं लागत नाही हो?” शिंपीणबाई म्हणाली, “फिरण्यात जात असेल, मावशी.” आम्ही दोघी हसलो. त्या दिवसांत घुम्याच्या गालांवर जरासा रंग चढला होता. आम्ही म्हटलं, नवी जागा मानवली.

शेवटी मोठ्या बाईंनी आणि मी मिळून ठरवलं. घुम्याचं टेबल खोलीच्या त्या टोकाला, भिंगरीचं या टोकाला आणि मध्ये खेळण्यांचं लांब कपाट आडवं. एक वाटी, एक तोंड. भिंगरी तीन दिवस किंचाळली. ‘आन! आन!’ करून कपाटावर डोकं आपटलं तिनं. घुम्या रडला नाही. त्यानं कपाटाकडे बघितलं आणि मग खाली मान घातली, ती घातलीच.

त्यानंतर तो उतरत गेला. वाटी मी जशी ठेवायचे तशी उचलायचे. हाताला धरलं तर मनगटाची हाडं लागायची. कारखान्याच्या डॉक्टरांनी छाती, पोट, घसा सगळं नीट तपासलं. ते म्हणाले, “दोष कुठेच नाही. आई गेलीय हो त्याची, आणखी काय सांगू? घरात मायेचं माणूस असेल तिथे थोडे दिवस ठेवून बघा.”

मायेचं माणूस म्हणजे वेल्डरची बहीण. ती राहायची रात्रभराच्या प्रवासावर, दुसऱ्या गावात. स्वतःची दोन पोरं असूनही म्हणाली, “दे की माझ्याकडे. तिघं होतील, त्यात काय!” बाई चांगली, उगाच कशाला खोटं बोलू. पण वेल्डरला रजा मिळणार ती वर्षातनं दोनदा. दीड वर्षाच्या पोराला एवढ्या वेळात बापाचा चेहरा काय लक्षात राहणार? आई गेली, आता बापही जाणार. आणि बापाचं तरी या जगात दुसरं कोण होतं?

आदल्या संध्याकाळी तो पोराला न्यायला आला तेव्हा मला राहवलं नाही. “दादा, आणखी थोडे दिवस थांबा की,” मी म्हटलं.

“कशाच्या जोरावर थांबू?” तो म्हणाला. पोराची पिशवी हातात घेऊन तिचा बंद गुंडाळत होता, सोडत होता. “मी रोज भरवायला बसतो, मावशी. दोन-दोन तास. माझा हात धरतो आणि चमचा माझ्याकडेच ढकलतो. दुसऱ्या कुणाचं नाही तर नाही, बापाच्या हातचं तरी पोर खातं ना? त्याला मी नको आहे. उद्या दुपारी येतेय ताई. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघं येऊन घेऊन जाऊ.”

मी पोराच्या डोक्यावर टोपी चढवली आणि कानांवर नीट ओढून दिली.

दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून भडकलेलीच होते. कशावर म्हणाल तर सगळ्यावर. डाळ शिजायला वेळ लागला, डाळीवर भडकले. घुम्याची पिशवी खुंटीला लटकत होती. एरवी तिच्यात एक लंगोट आणि एक टोपी असायची, आज ती टम्म फुगली होती. मी त्याच्यासाठी लोणी घालून मऊसूत बटाटा कुस्करला, त्याच्यासमोर मांडी घालून बसले आणि चमचा पुढे केला. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि चमचा परत केला.

“अरे बाबा, शेवटचं तरी खा रे!” म्हणून मी उठले. वाटी तिथेच त्याच्याजवळ टेकवली आणि स्वयंपाकघरात जाऊन कांदा चिरायला घेतला. कांद्याची काहीच गरज नव्हती. मला रडायचं होतं आणि त्याला कारण पाहिजे होतं.

डोळे पुसून परत आले तर वाढायचा मोठा डाव हातातून निसटला आणि खेळण्यांच्या कपाटाखाली गेला. मग काय, गुडघे कुरकुरत असताना मी जमिनीवर पालथी पडले. त्या दिवशी खेळणी धुवायला काढली होती, म्हणून कपाटाचा खालचा खण रिकामा होता, आणि त्या कपाटाला पाठ नाही. त्या खणातून मला पलीकडचं सगळं दिसलं. इतकी वर्षं मी त्या खोलीत काढली, पण पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवरून ती कधी बघितली नव्हती.

पलीकडे घुम्या जमिनीवर बसला होता. भिंगरी कपाटाला वळसा घालून कधी पोचली होती कोण जाणे. तिनं वाटीत बोटं घातली, बटाट्याचा गोळा उचलला आणि त्याच्यापुढे धरला. त्यानं तिच्या मनगटावर तळवा ठेवला आणि तो गोळा तिच्याकडे ढकलला. अगदी माझ्याकडे ढकलायचा तसाच.

आणि भिंगरीनं तोंड उघडलं.

छोटासा, उंदरानं कुरतडावा एवढा घास घेतला. चावला. गिळला. तो तिच्या गळ्याकडे बघत होता, घास खाली उतरतो की नाही ते बघत होता. मग तिनं ‘आ’ करून रिकामं तोंड दाखवलं. त्यानं आत वाकून बघितलं. आणि मग त्यानं आपलं तोंड उघडलं.

उरलेला अख्खा गोळा तिनं त्याच्या तोंडात घातला.

अहो, खोटं नाही सांगत, तो चावत होता! गाल फुगवून, भुकेल्यासारखा, डोळे मिटून चावत होता. तिनं दुसरा गोळा उचलला. पुन्हा तेच. तिसरा, पुन्हा तेच. नंतर नंतर तिचं पोट भरलं असावं, कारण तिनं गोळा नुसता ओठांना लावला, खोटं खोटं चावल्यासारखं केलं आणि ‘आ’ करून दाखवलं. तो फसला, की फसल्यासारखं केलं, देव जाणे. त्यानं तोंड उघडलं.

“काय झालं? पडलात का?” मोठ्या बाई धावत आल्या.

“शू! बाई, खाली या. खाली या आधी.”

त्या इस्त्रीच्या कपड्यांनिशी माझ्या शेजारी जमिनीवर पालथ्या पडल्या. आम्ही दोघी हनुवट्या फरशीला टेकवून बघत राहिलो. भिंगरी घेत होती, दाखवत होती, देत होती. मध्येच यंत्रं थांबली. तिनं हातातला बटाटा खाली ठेवला, बरबटलेले दोन्ही हात त्याच्या कानांवर ठेवले, भोंगा वाजून संपेपर्यंत धरून ठेवले, आणि मग बटाटा पुन्हा उचलला.

“बाई,” मी कुजबुजले, “ती चोरी करत नव्हती हो.”

“नाही,” मोठ्या बाई म्हणाल्या. “तो नको म्हणत नव्हता. तो आपल्याला ‘आधी तू’ म्हणत होता. इतके दिवस.”

काखेत कळसा नि गावाला वळसा! आम्ही डॉक्टर केले, विमानं केली, आगगाड्या केल्या. पण त्याच्या वाटीतलं खायचं नाही हा नियम आमच्या हाडीमाशी इतका मुरलेला, की तो घास आपल्यालाच देतोय हे आमच्यातल्या एकीच्याही मनात आलं नाही. तिला मात्र कुणी सांगितलं होतं? तीन शब्द येणाऱ्या पोरीला? मला वाटतं, कुणीच नाही. त्यानं पुढे केलं, तिनं तोंड उघडलं. तो काय बघतोय हे तिनं बघितलं आणि त्याला ते दाखवलं. आमच्या गुडघ्यांच्या खाली त्या दोघांचा सगळा संसार चालू होता आणि आम्ही वरून ओरडत होतो. त्या फरशीवर पडल्या पडल्या मला असं वाटलं, की आपण फार मोठ्या कुणाच्या तरी घरात बिनबोलावता आलोय आणि आता जरा हळू बोललं पाहिजे.

“कुणी आहे का?” दारातून आवाज आला. वेल्डर आणि त्याची बहीण उभे होते. दोन थोराड बायका जमिनीवर पालथ्या, हे दृश्य बघून ती आत्या गोंधळून गेली बिचारी. आमची हालचाल झाल्याबरोबर पलीकडे भिंगरीनं वाटी पाठीमागे लपवली. तिला माझ्या ओरडण्याची सवय ना!

मी कशीबशी उठले. “दादा,” मी म्हटलं, “त्याची आई त्याला कशी भरवायची?”

“कशी म्हणजे? सगळे भरवतात तशी.”

“नीट आठवा. पहिला घास कोण खायचं?”

मग त्याचा हात आपोआप तोंडाकडे गेला. “ती खायची,” तो म्हणाला. “गरम आहे का बघायची. आधी आपण खायची, मग तोंड उघडून दाखवायची त्याला. ‘संपलं! आता तू.’ प्रत्येक घासाला. मी चिडवायचो तिला, पोर जेवतंय की तू जेवतेस म्हणून.”

“आणि तुम्ही भरवता तेव्हा?”

“माझ्या घशाखाली उतरत नाही, मावशी,” तो अगदी हळू म्हणाला. “ती गेल्यापासून. मी त्याला भरवायला बसतो, पण मी स्वतः… नाही खात.”

मी मोठ्या बाईंकडे बघितलं. त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. “मला पाठीमागचं काही दिसत नाही,” त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांचा नियम मोडलेला मी तेवढाच एकदा बघितला.

भिंगरीपुढे हात जोडले तेव्हा तिनं वाटी दिली. वेल्डर पोरासमोर गुडघ्यांवर बसला. काळवंडलेल्या, पोळल्याचे डाग पडलेल्या हातात तो एवढासा चमचा. त्यानं तो पुढे केला. घुम्यानं तळवा बापाच्या मनगटावर ठेवला आणि चमचा परत ढकलला.

वेल्डरनं घास तोंडात घेतला. चावला. घशाशी आल्यावर तो अडकला, आम्हाला सगळ्यांना दिसलं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण घास काही खाली जाईना. घुम्या त्याच्या गळ्याकडे बघत थांबला होता. जराही घाई नाही. मग तो गळा हलला, घास खाली उतरला, आणि बापानं तोंड उघडून दाखवलं.

घुम्यानं आत वाकून बघितलं आणि तोंड उघडलं.

एक बापाला, एक पोराला, अशी ती वाटी संपली. मी स्वयंपाकघरातून दुसरी आणली. वेल्डर भुकेनं कसा सुकला होता ते मला तेव्हा दिसलं. ते दीड वर्षाचं पोर इतके दिवस आपल्या बापाला जेव म्हणत होतं का हो? मला माहीत नाही. त्याला आई हवी होती, हे नक्की. पण तो चमचा परत करायचा, तो बापाकडेच.

आत्या भिंतीला टेकून उभी होती. तिनं आल्या आल्या घुम्याची फुगलेली पिशवी खुंटीवरून काढून खांद्याला लावली होती, ती तशीच होती.

मला काळजी वाटली ती भिंगरीची. तिचं काम आता कुणी दुसऱ्यानं घेतलं होतं. ती थोडा वेळ उभी राहिली, मग कपाटाला वळसा घालून आपल्या टेबलाशी जाऊन बसली. तिच्या वाटीतला भात गार झाला होता. तिनं त्याला हात लावला नव्हता. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला, तिच्या अंगाला का लागत नव्हतं त्याचा: दुसरी वाटी तिच्या पोटात कधी गेलीच नव्हती.

तेवढ्यात घुम्या उठला. बापाच्या हातातला चमचा त्यानं काढून घेतला आणि कपाटाला वळसा घालून, भिंतीला धरत धरत, भिंगरीपाशी गेला. तिच्या वाटीत चमचा खुपसला. भात स्वतःच्या तोंडात घातला, चावला, गिळला, आणि ‘आ’ करून तिला आपलं रिकामं तोंड दाखवलं. मग चमचा पुन्हा भरला आणि तिच्यापुढे धरला.

आजवर कुणाच्याही हातचा घास न घेतलेल्या त्या पोरीनं त्याच्या तोंडात नीट वाकून बघितलं. ‘मी’ म्हणाली नाही, ‘नाई’ म्हणाली नाही. तोंड उघडलं.

“एक वाटी…” मोठ्या बाई मान जराशी वळवून म्हणाल्या, आणि पुन्हा खिडकीकडे वळल्या.

आत्यानं डोळे पुसले. खांद्यावरची पिशवी काढली, खाली वाकली आणि भिंगरीच्या पिशवीशेजारच्या बुटक्या खुंटीवर परत अडकवली.